बुधवारच्या आधी बिदर

“मला किल्ला बघायचाय,” आत्याबाई म्हणाल्या.

रविवारची सकाळ होती. मी मशीनवर बसून एका ब्लाउजच्या बाह्या जोडत होते आणि रोहिणी दारात केस विंचरत होती. दोघींचेही हात थांबले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सत्तरीला टेकलेल्या, गुडघ्यांनी बेजार. आमच्या उदगीरचा किल्ला घरापासून हाकेच्या अंतरावर, पण जन्मात कधी त्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं त्यांनी. भिंती बघायला कशाला जायचं, भिंती घरात हायत की, असं म्हणायच्या.

“कुठला किल्ला?” रोहिणीनं विचारलं.

“बिदरचा.”

“आज्जी, बुधवारी घरात एवढं मोठं काम हाय आन् तू ट्रिपला चाललीस?”

“म्हणून तर. बुधवारनंतर सुतक. मग कुठं जाता येतंय?”

बुधवारचं काम म्हणजे माझ्या नवऱ्याला अग्नी द्यायचा होता. दचकू नका. आमचे हे, म्हणजे रोहिणीचे वडील, बारा वर्षांपूर्वी दुकानासाठी दोरा आणि अस्तर आणायला म्हणून हैदराबादला निघाले ते परत आलेच नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. मशीनवर एक शर्ट अर्धा शिवून ठेवलेला होता, तो पुढं मी पुरा केला आणि गिऱ्हाइकाला देऊन टाकला. त्या दिवसापासून दुकान मीच चालवत आले. पोलिसात कळवलं, देवऋषी झाले, पंढरपूरपासून अजमेरपर्यंत ज्यानं जिथं सांगितलं तिथं माणसं धाडून झाली. आणि आमच्यात रीत अशी, की हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला रीतसर जाळून पुढचे दहा दिवस करायचे.

आम्ही ते केलंही नसतं. आत्याबाई तर कुणाला तोंडातून काढू देत नव्हत्या. पण रोहिणीचं जळकोटला जमलं. मुलगा शिकलेला, घर चांगलं, माणसं तोंडाची गोड. मुलाचे वडील अगदी हात जोडून म्हणाले, “आमची कशालाच हरकत न्हाई. फक्त पत्रिकेत बापाच्या नावामागं काय छापायचं तेवढं सांगा. लोक इचारलालेत.” मेलेला बाप त्यांना चालत होता, घरात बसलेला बाप तर चालतच होता. हरवलेला तेवढा चालत नव्हता. मग जोशी महाराजांना विचारून बुधवार धरला.

आणि शनिवारी संध्याकाळी शेजारच्या मंगलबाई ब्लाउज न्यायला आल्या. बचत गटाच्या बायकांबरोबर त्या बिदरला जाऊन आल्या होत्या, मोबाइलमधले फोटो दाखवायची हौस मोठी. किल्ला, तोफ, आइस्क्रीम, मग गुरुद्वाऱ्यातल्या लंगरची पंगत. त्या फोटोत मंगलबाई दात काढून हसतायत आणि त्यांच्या मागं एक माणूस बादली घेऊन वाकलेला, आपल्याकडे पाठ करून.

पाठ बघून नवरा ओळखणारी बाई विरळाच. पण मी शिंपीण आहे. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. नवीन लग्न झालेलं असताना त्यांचाच शर्ट कापायला मला बसवलं आणि तो खांदा चुकला म्हणून दोनदा उसवायला लावलं होतं. फोटोतला सदरा कुणी तरी खांदा न बघता शिवलेला होता, उजवीकडे चुणी पडली होती. मी मोबाइल परत दिला. मागं वळले तर आत्याबाई माझ्या पाठीशी उभ्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. रात्री त्यांनी भाकरीला हात लावला नाही, आणि सकाळी उठून ही किल्ल्याची टूम.

“मलाबी बघायचाय किल्ला,” मी म्हणाले आणि मशीनवर कापड झाकलं.

“मग मीबी येते,” रोहिणी म्हणाली.

“तू नगं,” आत्याबाई म्हणाल्या. “हळद लागायच्या आधी पोरीनं उन्हात हिंडू नये.”

मंगलबाईंनी आम्हाला स्टँडकडे जाताना बघितलं आणि ओसरीतूनच ओरडल्या, “अगोबाई, सासू-सून जोडीनं कुठं फिरायला जाऊलालाव?” आम्ही हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

बसमध्ये आत्याबाई खिडकीशी बसल्या. भालकी जाईपर्यंत त्या तुरीच्या रानांकडे बघत राहिल्या. मी मनातल्या मनात बोलणं जुळवत होते. मला काही फार मागायचं नव्हतं. कुठं होता, का गेला, एक अक्षर विचारणार नव्हते. फक्त एक दिवस या. पाटावर बसा, पोरीचा हात तिच्या नवऱ्याच्या हातात द्या, दुसऱ्या दिवशी खुशाल परत जा. एवढं केलं तर बुधवार टळेल आणि पोरीचं लग्नही होईल. मी ते इतक्यांदा घोळवलं की शेवटी मला ते अगदी सोपं वाटायला लागलं. निघताना मी ठेवणीतलं लुगडं चापून-चोपून नेसले होते. त्याचा माझा मलाच राग येत होता, पण नेसले होते.

बिदरला उतरल्यावर मी रिक्षावाल्याला म्हणाले, “गुरुद्वारा.”

“आधी किल्ला,” आत्याबाई म्हणाल्या.

“आत्याबाई...”

“किल्ला बघायला आलाव न्हवं?”

आणि बाईनं खरोखर किल्ला बघितला. लालभडक दगडाची ती तटबंदी, खंदक, एकामागं एक दरवाजे, गुडघे दाबत दाबत सगळं पायी. खांबांची मशीद बघितली. तोफेला हात लावून बघितला. रंगीन महालाला कुलूप होतं तर राखणदाराला गाठून, “लांबून आलाव बाबा,” म्हणत ते उघडून घेतलं. आत काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवलेत, वेलबुट्टी करून. राखणदार मोडक्या हिंदीत राजांची नावं सांगत होता आणि आत्याबाई मान डोलवत होत्या, जणू सगळे त्यांच्या माहेरचे. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “ते निळ्या फरशीचं काय म्हणला त्यो रिक्षावाला? मदरसा? तेबी बघू.”

मदरसा गावात आहे, भला थोरला, पुढची एक बाजू पार ढासळलेली, म्हणे कधी काळी आत साठवलेली तोफांची दारू उडाली होती. उरलेल्या मनोऱ्यावर थोड्या निळ्या-हिरव्या फरश्या तेवढ्या चिकटून आहेत. माझं लक्ष कुठं होतं त्यात! ऊन डोक्यावर आलं होतं.

“आत्याबाई, पंगत उठंल,” मी शेवटी म्हणाले. “मग कुठं हुडकायचं?”

त्या पायरीवर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. “चंद्रकला, त्यो नसला तर?”

“नसला तर जाऊ परत. बुधवारचं हायच.”

“आन् असला तर?”

मी माझी एका दिवसाची गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी ती पुरी ऐकली.

“बारा वर्षं देवाला एकच म्हणलालते मी,” त्या म्हणाल्या. “कुठं बी असू दे, पण असू दे. काल त्यो फोटू बघितल्यापासनं म्हणलालते, नसू दे. दुसरा कुणी असू दे. दोन तासाच्या वाटंवर बसून बारा वर्षं आला न्हाई, आसं लेकरू नगं मला.” मग उठायला हात पुढं केला. “चल. आता किती टाळायचं.”

गुरुद्वाऱ्यात डोक्यावर पदर घेतला, पाय धुतले. लंगरच्या लांबलचक हॉलमध्ये पंगत बसत होती. कुणी कुठले ते विचारत नाहीत, थाळी हातात देतात आणि बस म्हणतात. आम्ही दोघी पट्टीवर बसलो. पोळी ओंजळीत घ्यायची असते तिथं. आत्याबाईंना ते ठाऊक नव्हतं म्हणून वाढणाऱ्या पोरीनं ती थाळीतच ठेवली.

आधी आवाज आला. “दाल जी, दाल... दाल जी...”

तो आवाज मी बारा वर्षांनी ऐकत होते आणि तो जराही बदललेला नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला “हात वर करा, हात वर” म्हणायचे तोच. डोक्याला केशरी फडकं, दाढी छातीवर आलेली, अर्धी पांढरी. अंगानं चांगले भरले होते. आजारी नाही, वेडे नाही, कुणी डांबून ठेवलेले नाहीत. बारा वर्षं मी जी जी कारणं त्यांच्यासाठी रचली होती, त्यातलं एकही त्यांच्या अंगावर दिसत नव्हतं. मला वाटलं होतं मला आनंद होईल, निदान रडू तरी फुटेल. मला नुसता संताप आला.

ते आमच्यासमोर आले. पळी बादलीत बुडवली, वर बघितलं. आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. पळी हातातून पडली असती तर मी त्यांना तिथंच माफ केलं असतं. त्यांनी आत्याबाईंच्या थाळीत डाळ वाढली, माझ्या थाळीत वाढली, आणि हलक्या आवाजात म्हणाले, “जेवून घ्या. टाकायचं नसतं हितं.” मग पुढच्या माणसाकडे सरकले. “दाल जी...” पंगतीच्या शेवटापर्यंत त्यांनी वाढलं.

आम्ही जेवलो. हो, जेवलो. आत्याबाईंनी थाळी पुसून घेतली.

नंतर बाहेर, गुरुद्वाऱ्यातल्या झऱ्याच्या पाण्याजवळ सावलीत ते आमच्यापुढं मांडी घालून बसले. हात धुऊन, पुसून आले होते.

“बरी हायस का, माय?” त्यांनी विचारलं.

आत्याबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“दुकान?” त्यांनी मला विचारलं.

“मी चालवते.”

“बरं झालं. मशीनला तेल घालत जा, ती कोरडी पडली की दोरा तोडती.”

“अहो,” मी म्हणाले, “तुम्ही इथं कसे आलात?”

विचारणार नाही म्हणून घोकलेलं होतं, आणि पहिलं तेच विचारलं. त्यांनी विचार केला, अगदी मनापासून. “गाडीत भूक लागली. कुणी तरी म्हणालं बिदरला उतरलं की जेवायला मिळतं. उतरलो. जेवलो. झोपलो हितंच. सकाळी गाडीची वेळ झाली, तर उठावं वाटलं न्हाई.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशीबी न्हाई वाटलं.”

“आणि आम्ही?”

“तुमचं काय चुकलं न्हाई,” ते म्हणाले. “तुमी चांगलेच हुताव.”

चुकलं असतं तर बरं झालं असतं, मी म्हणाले की नुसतं मनात आलं, आता आठवत नाही. बारा वर्षं मी माझी चूक शोधत होते. भाजीत मीठ जास्त पडलं होतं का, त्या दिवशी मी काही टोचून बोलले होते का, मुलगा झाला नाही म्हणून का. चूक सापडली असती तर ती धरून बसता आलं असतं. त्यांनी तीही ठेवली नाही मला.

मग मी माझं घोळवलेलं बोलणं काढलं. “रोहिणीचं लग्न जमलंय. मला काही नको. फक्त एक दिवस या. कन्यादानाला बसा. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तुम्हाला बसमध्ये बसवून देते.”

“रोहिणी केवढी झाली आता?”

“लग्नाची झाली. सांगते तर आहे.”

त्यांच्या तोंडावर मी काही तरी हुडकत होते. बापाचं काही तरी. त्यांनी मान हलवली.

“न्हाई जमायचं.”

“एक दिवस अहो!”

“आलो तर लोक इचारतील, कुठं हुता, का गेला. मला काय सांगता येत न्हाई. मग ते आपापलं काय तरी सांगतील. पोरीलाच तरास.” मग लाजल्यासारखं म्हणाले, “आन् खरं सांगू का, मला यावंबी वाटत न्हाई. कशाचंच काय वाटत न्हाई. वाढायचं, भांडी घासायची, झोपायचं. लई बरं हाय हितं.”

मी त्यांची बाही धरली. हो, भर गुरुद्वाऱ्यात, चारचौघांत धरली. ओढून न्यायला माझ्या अंगात बळ होतं, आणि ते ओढले गेलेही असते, पुढच्या थांब्यापर्यंत. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. कापड मापाला ठेवल्यासारखा हात तसाच माझ्या मुठीत ठेवून दिला. शेवटी मीच सोडला.

तेव्हा आत्याबाई बोलल्या. आवाज अगदी शांत.

“भानू, बुधवारी तुझं करलालाव आमी.”

“काय?”

“पळसाचं. बारा वर्षं झाली. पोरीच्या सासरचे अडून बसलेत.”

ते समजायला त्यांना जरा वेळ लागला. समजल्यावर मान हलवली, एखाद्यानं बरी सोय सांगावी तशी. “करा की. बरं हुईल. पोरीचं आडायला नगं.”

“मग परत यायचं न्हाई तुला. कधीच न्हाई. पुतळा जाळल्यावर दारात उभा राहिलास तर ओळखायची न्हाई मी.”

“न्हाई येत.”

“मी मेले म्हणून कळलं तरी न्हाई.”

“न्हाई,” ते म्हणाले. मग विचारलं, “सकाळीच आसंल ना?”

“सकाळी.”

“मग मीबी त्याच वक्ताला आंघोळ करतो हितं. माझं सुतक मलाबी असावं की.” ते अगदी गंभीरपणे बोलत होते. कुणाची थट्टा करायचा स्वभावच नव्हता त्यांचा.

हॉलमधून कुणी तरी हाक मारली. दुसरी पंगत बसत होती. ते उठले आणि आत्याबाईंच्या पायाशी वाकले. आत्याबाईंनी दोन्ही पाय लुगड्यात ओढून घेतले.

“पाया पडू नगंस,” त्या म्हणाल्या. “गेलेल्या माणसानं पाया पडू नये.”

ते तसेच वाकलेले राहिले क्षणभर. मग मला हात जोडले, आल्या-गेल्याला जोडतात तसे, आणि आत गेले. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, “दाल जी...”

घरी पोचलो तर रोहिणी उंबऱ्यात उभी. डोळे लाल. माझ्या पोरीला मी खुळी समजत होते, तिनंही तो फोटो मंगलबाईंकडून मागून बघितला होता.

“आज्जी,” ती म्हणाली, “बाबा होते का?”

मी तोंड उघडलं. आत्याबाई माझ्या आधी बोलल्या. “न्हाई गं. दुसराच कुणी तरी. पंजाबातला.”

रोहिणीनं माझ्याकडे बघितलं. मी चपला काढत होते, काढतच राहिले. मग तिनं मोठा श्वास सोडला. त्यात दुःख होतं की सुटका, ते मी ठरवलं नाही. दोन्ही असली तरी तिचा हक्कच होता. आत जाऊन तिनं आमच्यासाठी चहा टाकला.

बुधवारी पळसाची पानं आली. जोशी महाराजांनी दर्भाचा सांगाडा बांधून पानं रचली, हात, पाय, छाती, वर नारळ. बायकांनी माझ्या बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं, रडल्या. मला रडू आलं नाही म्हणून एक जण दुसरीला म्हणाली, बाईचं रडू सुकून गेलंय बिचारीचं. चुलत सासऱ्यांनी अग्नी दिला. मी सूर्याकडे बघितलं आणि मला कळलं, आत्ता तिकडे ते डोक्यावर पाणी ओतून घेत असतील. शब्दाचे पक्के होते.

दहाव्या दिवशी तळ्याच्या काठी पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकलो. माणसाचं काही राहून गेलं असेल, कुणात जीव अडकला असेल, तर पिंडाला कावळा शिवत नाही. मग घरचे पुढं होऊन शब्द देतात, तुझं अमुक करू, तमुक करू, जा आता. चुलत सासऱ्यांनी शब्द तयार ठेवले होते, रोहिणीचं लग्न थाटात लावू, पोरीला उघडं पडू देणार नाही. आत्याबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. जिवंत माणसाच्या पिंडाला कावळा शिवलाच नाही तर सगळ्या गावासमोर काय होईल, ही भीती मला त्यांच्या तोंडावर दिसत होती.

आणि मी? मी आयुष्यात इतक्या जोरानं देवाला कधी काही मागितलं नव्हतं. शिवू नको. उघडं पडलं तर पडू दे, लग्न मोडलं तर मोडू दे, पण शिवू नको. तासभर लोकांना उन्हात उभं कर. त्या माणसाचं काही तरी अडकलेलं असू दे आमच्यात, पोरीत, आईत. माझ्यात नको म्हणते, त्या मशीनमध्ये तरी असू दे.

आम्ही पुरते मागं सरकलोही नव्हतो. लिंबावरून कावळा उतरला, थेट पिंडावर. मागून दुसरा आला, तिसरा आला. भात चहूकडे उडाला. चुलत सासऱ्यांचे शब्द तोंडातच राहिले.

“सुटला!” ते हात जोडून म्हणाले. “काय म्हणजे काय इच्छा राहिली नव्हती बघा माणसाची.”

सगळ्यांनी माना डोलवल्या. बिदरहून आल्यापासून आत्याबाईंनी माझ्या नजरेला नजर दिली नव्हती, ती तेव्हा दिली. मीही मान डोलवली. खरंच होतं ते.